एक दर्शनी भिंत, अनेक घरें

रायगड जिल्ह्यांत अलिबागेहून दक्षिणेस समुद्रकांठानें जाणारी सडक चौल मागें टाकून पुढें जाते आणि रेवदंड्याचा जुना तट ओलांडून आंत शिरते. तटाच्या आंत पाहणाऱ्याच्या दृष्टीस प्रथम पडतात तीं नारळी-पोफळींचीं आगरें. त्या गर्द सावलींत अधूनमधून एखादी उंच, छप्पर नसलेली भिंत उभी दिसते. कोठें वाटोळी कमान, कोठें भिंतीला लगटून उभा केलेला चपटा खांब, कोठें घडीव दगडाची चौकट. गांवकरी ज्याला सातखणी म्हणतात तो मनोरा माडांच्याहि वर डोकें काढून उभा आहे. पोर्तुगीजांचें चौल तें हेंच. एके काळीं येथें रस्ते होते, दुमजली घरें होतीं, देवळें, मठ, इस्पितळ, वखार, सारें कांहीं होतें.

येथून उत्तरेस, खाडीपलीकडे मुंबईच्या कोट विभागांत, हॉर्निमन सर्कल नांवाची एक वर्तुळाकार बाग आहे. बागेसभोंवतीं इमारतींची एक कमानदार रांग आहे. तेथेंहि वाटोळ्या कमानी व तींच मापें पुन्हां भेटतात. मात्र त्या इमारतींत आज दिवे लागतात, कचेऱ्या चालतात, कमानींखालून हजारों माणसें जातात. दोन्ही ठिकाणच्या बांधकामाचें मूळ एक, मग एकाचें अवशेष व्हावें आणि दुसरें वापरांत राहावें, असें कां झालें? या प्रश्नाचें उत्तर शोधावयाचें तर ज्याला इंग्रज ‘टेरेस’ म्हणतात, ती वस्तु काय आहे हें आधीं समजून घ्यावें लागतें.

आपल्याकडे टेरेस म्हटलें कीं गच्ची डोळ्यांपुढें येते. इंग्लंडांत मात्र या शब्दानें एकमेकांस चिकटून एका रांगेंत बांधलेल्या घरांचा बोध होतो. पण नुसतीं चिकटलेलीं घरें म्हणजे टेरेस नव्हे. तसें पाहिलें तर पुण्याच्या पेठांतले वाडे किंवा भुलेश्वरांतलीं घरेंहि भिंतीला भिंत लावूनच उभीं आहेत. अभिजात पद्धतीच्या टेरेसचें लक्षण असें कीं, तींत घरें अनेक व मालक अनेक, पण दर्शनी भाग एकच असतो. रस्त्यावरून पाहणाऱ्यास तो एखादा लांबलचक राजवाडा वाटतो. घर कोठें संपतें व शेजाऱ्याचें कोठें सुरू होतें, हें दारें मोजल्यावांचून कळत नाहीं.

चौलच्या माणसास ही कल्पना प्रथम विचित्र वाटेल. अष्टागरांतलें घर रस्त्याशीं फारसें बोलत नाहीं. रस्त्याच्या कडेला कुंपण, मग वाडी, वाडींत विहीर व पाटाचें पाणी, आणि झाडांच्या आड घर. पुढें ओटी, मग माजघर, बाजूस पडवी, मागें परसूं. घराच्या चारी बाजू मोकळ्या असल्यामुळें वारा खेळतो, आणि पावसाचें पाणी उतरत्या कौलांवरून चहूंकडे ओघळून जातें. असें घर बांधतांना शेजाऱ्याची उंची, खिडकी, दार यांचा विचार करण्याचें कारणच नसतें. ज्याचें घर तो त्याचा राजा. रांगेंतल्या घराला हें स्वातंत्र्य नाहीं. त्याला दोन बाजूंस भिंती आहेत त्या शेजाऱ्यांशीं सामाईक. उजेड आणि वारा काय तो पुढून व मागून. आणि पुढची बाजू तर सगळ्या रस्त्याची म्हणून समजली जाते.

हें बंधन माणसांनीं पत्करिलें तें शहराच्या गरजेपोटीं. जागा थोडी, माणसें पुष्कळ, आणि भोंवतीं भय, अशी स्थिति आली कीं घरें एकमेकांस बिलगतात. चौलनें ही स्थिति पाहिलेली आहे. टॉलेमीच्या भूगोलांत व ‘पेरिप्लस’ या ग्रीक प्रवासग्रंथांत ज्या बंदराचें नांव येतें, अरबांनीं ज्यास सैमूर म्हटलें, तें हें प्राचीन चौल. १५०८ सालीं याच बंदरांत मिसरी आरमारानें पोर्तुगीजांचा पराभव केला व त्यांत व्हाइसरॉयचा पुत्र लोरेन्सो द आल्मेइदा मारला गेला. तरीहि पोर्तुगीज येथेंच चिकटून राहिले. १५१६ सालीं त्यांनीं वखार घातली आणि अहमदनगरच्या बुऱ्हाण निजामशहाची परवानगी मिळवून १५२१ पासून खाडीच्या मुखाशीं किल्ला बांधावयास घेतला. मूळचें चौल निजामशाहींतच राहिलें. खालचें चौल, म्हणजे आजचा रेवदंडा, पोर्तुगीजांचें झालें.

पुढें १५७० च्या अखेरीस मूर्तजा निजामशहानें मोठें सैन्य घेऊन या शहरास वेढा घातला. त्या वेळीं सबंध शहराभोंवतीं पुरा तट नव्हता. तेव्हां पोर्तुगीजांनीं काय केलें? शहराच्या जमिनीकडील कडेला जीं घरें व मठ होते, त्यांनाच त्यांनीं बुरूज बनविलें. खिडक्या बुजविल्या, गल्ल्यांच्या तोंडाशीं अडसर घातले आणि घराघरांतून लढाई केली. १५७१ च्या उन्हाळ्याअखेर तह होऊन वेढा उठेपर्यंत घरांची ही रांगच शहराची तटबंदी झाली होती. तटाचें काम पुढें पुरें झालें. चौलच्या इतिहासांतला हा प्रसंग शौर्याचा म्हणून सांगितला जातो. वास्तुशास्त्राच्या दृष्टीनें त्याचा अर्थ आणखी एक आहे. रांगेंतल्या एका घराची भिंत पडली कीं संकट सगळ्या रांगेवर येतें, आणि म्हणून एकाची भिंत ही सर्वांची काळजी असते. हा धडा तेथें तोफांच्या माऱ्याखालीं गिरविला गेला.

योगायोग असा कीं, चौलला वेढा पडला त्याच सालीं, १५७० मध्यें, इटलींत व्हेनिस येथें आंद्रेआ पल्लादिओ नांवाच्या स्थपतीचा वास्तुकलेवरचा चार भागांचा ग्रंथ छापून निघाला. प्राचीन रोमच्या इमारती मोजून त्यांचीं मापें, नकाशे व नियम त्यानें त्यांत दिले. रोमन स्थपति व्हिट्रूव्हियस याचा पुराणा ग्रंथ त्याच्यापुढें होताच. अभिजात वास्तुकला म्हणून जी पुढें युरोपभर पसरली तिचा हा एक पाठ्यग्रंथ झाला. रेवदंड्यांतल्या पोर्तुगीज बांधकामावर त्या काळच्या याच रोमन पुनरुज्जीवनाची छाया आहे. वाटोळी कमान, भित्तिस्तंभ आणि त्यांवरील आडवी पट्टी हीं त्याचीं लक्षणें होत.

या पद्धतीचा गाभा खांबांत आहे, आणि तो समजावयास कोंकणांतल्या माणसास रोमला जाण्याचें कारण नाहीं. आपल्या लांकडी घराचा सांगाडा कसा असतो? खालीं दगडी उथाळें, त्यावर खांब, खांबाच्या माथ्यावर लांकडाचा आधार, त्यावर तुळई, तुळईवर आडव्या कड्या, आणि कड्यांच्याहि पुढें आलेलें वासे व कौलांचें छप्पर. ग्रीक देवळें आरंभीं लांकडाचींच होतीं, असें विद्वान् सांगतात. पुढें तीं दगडांत बांधलीं गेलीं, पण लांकडी सांगाड्याचीं रूपें तशींच राहिलीं. उथाळ्याची बैठक झाली, आधाराचें स्तंभशीर्ष झालें, तुळईची दगडी पट्टी झाली. डोरिक पद्धतींत त्या पट्टीवर तीन-तीन उभ्या रेघांचे जे ठसे दिसतात ते मूळच्या कड्यांचीं बाहेर डोकावणारीं टोकें होत, असें व्हिट्रूव्हियस म्हणतो. आणि भिंतीच्या माथ्याशीं पुढें आलेली जी घडीव पट्टी, जिला कॉर्निस म्हणतात, ती म्हणजे दगडांत गोठलेली वळचण.

खांबाच्या जाति मुख्यतः तीन: डोरिक, आयोनिक व कॉरिंथियन. पहिल्याचा माथा साधा, दुसऱ्याच्या माथ्यावर दोहों बाजूंस वळसे, तिसऱ्याच्या माथ्यावर पानें. पण खरा भेद नक्षींत नसून प्रमाणांत आहे. खांबाच्या बुडाची जाडी हें माप धरलें तर डोरिक खांब तिच्या साधारण सात-आठ पट उंच, आयोनिक नऊ पट आणि कॉरिंथियन दहा पट असतो. म्हणजे पहिला धिप्पाड, शेवटचा सडपातळ. एकदां खांबाची जाडी ठरली कीं दोन खांबांतलें अंतर, वरच्या पट्टीची जाडी, दाराची उंची, खिडकीची रुंदी हीं सर्व मापें तिच्या पटींत बसतात. संगीतांत षड्ज लागला कीं इतर स्वरांच्या जागा ठरतात, तसाच हा प्रकार आहे. भिन्न गवंडी भिन्न घरें बांधीत असले तरी मूळ माप एक असल्यास रांग बेसूर होत नाहीं.

इंग्लंडांत ही विद्या नेली ती मुख्यतः इनिगो जोन्स यानें. पल्लादिओचा ग्रंथ बरोबर घेऊन तो इटलींत हिंडला. त्यानें टिपणें केलेली ती प्रत आजहि जपलेली आहे. १६३० नंतरच्या दशकांत त्यानें लंडनला कोव्हेंट गार्डन येथें चौकाभोंवतीं खालीं कमानी व वर घरें अशी एकसारखी रांग उभी केली. पुढें १६६६ सालीं लंडनला प्रचंड आग लागली आणि लांकडी घरांचें शहर जळून गेलें. दुसऱ्याच वर्षीं कायदा झाला: बांधकाम विटांचें किंवा दगडाचें हवें, आणि घराच्या दर्जाप्रमाणें दोन घरांमधील सामाईक भिंतीची जाडी ठरलेली हवी. एकसारख्या रांगांचें मूळ जितकें सौंदर्याच्या हौसेंत आहे तितकेंच या आगीच्या भयांत आहे. जाड सामाईक भिंत आगीला शेजारच्या घरांत जाऊं देत नाहीं. मुंबईच्या कोटांतहि १८०३ सालीं अशीच मोठी आग लागली होती आणि दाट बाजारपेठेचा मोठा भाग तींत भस्मसात् झाला होता.

रांगेच्या घरांस राजवाड्याचें रूप कसें द्यावें हें उत्तम तऱ्हेनें दाखविलें तें बाथ नांवाच्या गांवीं. तेथें उष्ण पाण्याचे झरे असल्यामुळें श्रीमंत मंडळी हवापालटासाठीं येत. जॉन वुड या स्थपतीनें १७२८ सालापासून तेथें क्वीन स्क्वेअर बांधण्यास आरंभ केला. जमीन त्यानें ९९ वर्षांच्या पट्ट्यानें घेतली आणि तिचे तुकडे पाडून बांधणाऱ्यांस पोटपट्ट्यानें दिले. अट एकच: दर्शनी भाग आपण काढून दिलेल्या नकाशाप्रमाणेंच व्हावा, मागें कोणीं किती खोल्या काढाव्या, जिना कोठें घ्यावा, हें ज्याचें त्यानें पाहावें. चौकाच्या उत्तर बाजूस सात घरें आहेत, पण मधल्या घरावर त्रिकोणी शिरोभाग आणि दोन्ही टोकांचीं घरें किंचित् पुढें आणल्यामुळें सातांचा मिळून एक प्रासाद दिसतो. त्याच्या मुलानें, धाकट्या जॉन वुडनें, १७६७ ते १७७५ या काळांत रॉयल क्रेसेंट बांधलें. चंद्रकोरीच्या आकाराच्या या रांगेंत ३० घरें व ११४ आयोनिक खांब आहेत. पुढून पाहतां एक अखंड वळण. मागें जाऊन पाहतां एकाचें छप्पर उंच, दुसऱ्याचें बुटकें, कोणाची खिडकी डावीकडे तर कोणाची उजवीकडे.

अशा घराचा दर्शनी भाग वाचण्याची एक रीत आहे. तळमजला भक्कम दिसावा म्हणून तेथें दगडांच्या सांध्यांतून खोल रेघा काढतात किंवा कमानी घालतात. त्यावरचा मजला सर्वांत मानाचा. दिवाणखाना तेथें, म्हणून खिडक्या उंच. त्यावर निजण्याच्या खोल्या, खिडक्या आंखूड. अगदीं वर नोकरांच्या खोल्या, खिडक्या जवळजवळ चौकोनी. खालून वर जातांना खिडक्या अशा लहान होत जातात आणि शेवटीं कॉर्निसची ठळक रेघ सगळ्यांस एकत्र बांधते. पाहणाऱ्यास नियम माहीत नसला तरी डोळ्यांस समाधान वाटतें तें यामुळें. आपल्या वाड्यालाहि दगडी जोतें, वर विटांची हलकी माडी आणि शेवटीं लांकडी कोरीव पाटांची रांग असतेच. जड खालीं, हलकें वर, हा न्याय दोहोंकडे एकच आहे.

आतां चौलहून मुंबईस येऊं. हा प्रवास प्रथम चौलच्या विणकऱ्यांनीं केला. सतराव्या शतकाच्या उत्तरार्धांत मुंबई बेट इंग्रजी कंपनीकडे आल्यावर चौलचे रेशीम विणणारे कारागीर तेथें जाऊं लागले व त्यांच्या वस्तीसाठीं कंपनीनें एक रस्ता बांधविला. भुलेश्वराजवळच्या चेऊलवाडीच्या नांवांत चौलचें जुनें नांव आजहि ऐकूं येतें. १७४० सालच्या तहानें चौल पोर्तुगीजांनीं मराठ्यांच्या स्वाधीन केलें. खाडी गाळानें भरत गेली, व्यापार मुंबईकडे वळला, आणि जसजसें चौल ओस पडत गेलें तसतशी मुंबई दाट होत गेली.

मुंबईच्या कोटाच्या मध्यभागीं ‘बॉम्बे ग्रीन’ नांवाचें एक मोकळें मैदान होतें. त्याच्या पश्चिमेस १७१८ सालीं उघडलेलें सेंट थॉमसचें देवालय. पूर्वेस कर्नल थॉमस कॉपर यांनीं आंखलेला टाऊन हॉल. तो १८३३ सालीं पुरा झाला. रुंद अशा तीस पायऱ्या आणि वर डोरिक खांबांची रांग असलेली ही वास्तु आज एशियाटिक सोसायटीच्या ग्रंथालयासाठीं सर्वांस परिचित आहे. या दोन भव्य इमारतींच्या मधलें मैदान मात्र कांहीं काळ कापसाच्या गांठींनीं भरलेलें असे, आणि कापसाचा बाजार कुलाब्यास हलल्यावर तेथें कचरा व नारळाच्या करवंट्या सांचूं लागल्या. ही जागा साफ करून तिच्याभोंवतीं वर्तुळांत इमारती उठवाव्या, ही सूचना मुंबईचे पोलीस कमिशनर चार्ल्स फॉर्जेट यांची. गव्हर्नर लॉर्ड एल्फिन्स्टन यांनीं व त्यांच्यामागून सर बार्टल फ्रिअर यांनीं ती उचलून धरली. हे लॉर्ड एल्फिन्स्टन म्हणजे पेशवाई बुडाल्यावर मुंबईचे गव्हर्नर झालेले माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन नव्हत. ते त्यांचे पुतणे.

काळ अनुकूल होता. १८६१ ते १८६५ या वर्षांत अमेरिकेंत यादवी युद्ध चाललें होतें, तेथला कापूस विलायतेस जाईना, आणि मुंबईच्या कापसाला सोन्याचा भाव आला. जमीन ताब्यांत घेऊन तिचे तुकडे पाडण्यांत आले आणि ते पेढ्यांस व कंपन्यांस चांगल्या नफ्यानें विकण्यांत आले. पण बाथप्रमाणेंच येथेंहि मोकळीक नव्हती. दर्शनी भागाची आंखणी जेम्स ट्रब्शॉ या स्थपतीची, आणि ती घेणाऱ्या प्रत्येकानें पाळावयाची. मधली बाग १८७२ सालीं पुरी झाली. असें हें एल्फिन्स्टन सर्कल. ‘बॉम्बे क्रॉनिकल’ या राष्ट्रीय पत्राचे संपादक बी. जी. हॉर्निमन यांस सरकारनें १९१९ सालीं हद्दपार केलें होतें. स्वातंत्र्यानंतर त्यांचें नांव या ठिकाणास देण्यांत आलें.

बाथ व मुंबई यांत एक भेद स्पष्ट आहे. बाथच्या रांगेंत कुटुंबें राहावयाचीं. येथें पहिल्यापासून बँका, पेढ्या, कचेऱ्या. शिवाय हवा निराळी. बाथच्या रांगेच्या पुढें नुसती फरशी. मुंबईंत तळमजल्याला सबंध वर्तुळभर कमानींची ओवरी आहे. ऊन असो वा आषाढांतली झड असो, पादचारी तिच्याखालून कोरडा जातो. ही ओवरी मालकाच्या जागेंत, पण तिचा लाभ रस्त्याला; देवळाच्या ओवरींत वाटसरू बसतो तशांतलाच हा प्रकार. कमानींच्या मध्यावर, जो दगड कमान आवळून धरतो, त्यावर माणसांचे दाढीवाले मुखवटे कोरलेले आहेत. ओवरींतून चालतांना ते दिसत नाहींत. बागेच्या बाजूस उभें राहून वर पाहिलें तरच नजरेस पडतात. आणि तेथूनच ध्यानांत येतें कीं एकामागून एक येणाऱ्या कमानींची ही ओळ वर्तुळाच्या दोन बाजूंनीं वळत वळत टाऊन हॉलच्या खांबांकडे दृष्टि नेऊन सोडते. रांग स्वतः फार बोलत नाहीं. समोरच्या सार्वजनिक इमारतीस ती बोलूं देते.

ज्या कॉर्निसला आपण शोभा समजतों तिचें पावसाळ्यांतलें कामहि लक्षांत घ्यावयास हवें. ती पुढें आलेली असल्यामुळें पाणी भिंतीवरून न ओघळतां दूर पागोळ्यांनीं पडतें. ती फुटली, किंवा तिच्या माथ्यावरचा गिलावा गेला, कीं पाणी भिंतींत मुरतें. मग चुना भुसभुशीत होतो, आणि कावळ्यानें टाकलेलें पिंपळाचें बीं त्या फटींत रुजतें. पांच-सात वर्षांत मूळ भिंतीच्या पोटांत उतरतें. रेवदंड्यास ज्या भिंती आज छपरावांचून उभ्या आहेत त्यांच्या अंगांत हें सर्व झालेलें डोळ्यांनीं पाहतां येतें. घडीव दगडाचे कोपरे व चौकटी टिकल्या. चुन्यांत बसविलेल्या साध्या दगडांच्या भिंती, डोक्यावरचें छप्पर जातांच, पावसानें पोखरल्या.

रांगेंतल्या घराला याहून एक जास्त धोका आहे, तो मात्र पावसाचा नाहीं. सामाईक भिंत दोघांचा भार घेते आणि दोघांना आधारहि देते. मधलें एखादें घर पाडलें कीं दोन्ही शेजाऱ्यांच्या भिंती उघड्या पडतात, आणि त्यांस टेकू द्यावा लागतो. दर्शनी भागाचेंहि तसेंच. एकानें सज्जा बंद करून खोली काढली, दुसऱ्यानें कमानींत पाटी ठोकली, तिसऱ्यानें निळा रंग दिला, तर त्या त्या मालकाचें थोडें साधतें, पण रांग म्हणून जी वस्तु होती ती नाहींशी होते. तोटा सर्वांचा आणि दोष कोणा एकाचा नाहीं, अशी ही विचित्र हानि आहे.

अर्थात् मालकाच्या बाजूसहि कांहीं म्हणणें आहे. मुंबईंत १९४७ सालच्या कायद्यानें भाडीं जुन्याच दरानें बांधून ठेवलीं. भाडेकऱ्यास त्यानें छप्पर राखलें, हें खरें. पण ज्याला महिन्याकाठीं नाममात्र भाडें मिळतें त्यानें घडीव दगडाची कॉर्निस कोठून दुरुस्त करावी? कोटांतल्या पुष्कळ जुन्या इमारतींची रया यामुळेंच गेली. १९९९ सालीं नवा भाडेनियंत्रण कायदा आला, तरी जुना भाडेकरू व जुनें भाडें हा प्रश्न पुष्कळ अंशीं तसाच राहिला. १९९५ सालीं बृहन्मुंबईसाठीं वारसा-वास्तूंचे नियम झाले. अशा इमारतींच्या बाह्य रूपांत फेरफार करावयाचा तर समितीचा सल्ला घेणें भाग पडूं लागलें. नकाशाप्रमाणेंच बांधण्याची जी अट एकदां जमीन विकतांना घातली गेली होती, तिचेंच हें दुसरें रूप म्हणावयाचें. पण नियमानें मोडतोड थांबते. गिलावा होत नाहीं. त्याला पैसा आणि इच्छा दोन्ही लागतात, आणि तीं शेजाऱ्या-शेजाऱ्यांत एकदमच असावीं लागतात.

अशी इच्छा मुंबईंत अजिबात नाहीं असें नव्हे. ओव्हल मैदानाच्या पश्चिमेस १९३० नंतरच्या दशकांत निवासी इमारतींची एक रांग उठली. तिची शैली अगदीं निराळी, गोलाकार सज्जे व ठळक आडव्या रेघा असलेली आर्ट डेको. ना खांब, ना स्तंभशीर्ष. पण उंची एकसारखी, रस्त्यापासूनचें अंतर एकसारखें. मैदानापलीकडच्या गॉथिक इमारतींसह या रांगेस २०१८ सालीं युनेस्कोनें जागतिक वारशांत स्थान दिलें, आणि तें मिळावें म्हणून खटपट करणाऱ्यांत त्या परिसराचे रहिवासी अग्रभागीं होते. शैली कोणतीहि असो, रांग राखावयाची तर रांगेंतल्या माणसांनींच ती राखावी लागते, हें त्यांनीं दाखवून दिलें.

चौलचें काय झालें याचें उत्तर येथें मिळतें. तें शहर तोफांनीं पडलें नाहीं. १५७१ सालीं तोफा थकल्या आणि घरें उभीं राहिलीं, कारण प्रत्येक घरांत दुसऱ्या घराची काळजी वाहणारा कोणी तरी होता. तें पडलें पुढें, शांततेच्या काळांत, जेव्हां व्यापार गेला, माणसें गेलीं आणि कौलें शाकारावयास कोणी उरलें नाहीं. मुंबईच्या वर्तुळांतल्या कमानी अजून उभ्या आहेत त्या चुन्याच्या बळावर नव्हेत. त्यांच्याखालीं रोज कामधंदा चालतो म्हणून. ज्या कुटुंबांस सुट्टीच्या दिवशीं अलिबागेकडे जाणें होतें त्यांनीं समुद्र पाहून परततांना रेवदंड्याच्या त्या भिंतींपाशीं थोडें थांबावें. आणि कोटांत कामानिमित्त जाणाऱ्यांनीं एखादे दिवशीं ओवरींतून बाहेर येऊन, बागेच्या कठड्यापाशीं उभें राहून, कमानींवरचे ते मुखवटे पाहावे. मग आपल्या स्वतःच्या इमारतीचा जिना, तिची सामाईक गच्ची आणि तिची रस्त्याकडची भिंत यांच्याकडे पाहण्याची दृष्टि थोडी बदलेल. ज्यावर आपलें नांव लिहिलेलें नाहीं अशा भिंतीचाहि गिलावा आपणच करावयाचा असतो.